आजीच्या रुपयावरचा निळा रंग: चांदीच्या जुन्या नाण्यांचं ‘टोनिंग’ म्हणजे काय आणि फोनने ते कसं तपासायचं?

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मी नववीत होतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. आजीने पूजेसाठी जपलेले चांदीचे बंदे रुपये काढून दिले आणि म्हणाली, “जरा पुसून ठेव रे.” रुपये काळपट, निळसर, मधूनच तांबूस दिसत होते. मला वाटलं, मळलेत. मी टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेतला आणि दहाच्या दहा नाणी लख्ख करून टाकली. आजी खूश, मीही खूश.

अकरावं नाणं त्या वर्षी सापडलंच नाही. ते सापडलं बऱ्याच वर्षांनी, चाळ रिकामी करताना. देव्हाऱ्याच्या खणात, घडी घातलेल्या एका जुन्या कागदात. १९१९ चा रुपया होता. कडेला सोनेरी, आत किरमिजी आणि मध्यभागी गडद निळा. उजेडात तिरका केला की रंग सरकायचे. त्या दिवशी कळलं की मी दहा नाण्यांवरून काय घासून काढलं होतं.

या रंगांना नाणी जमवणारे लोक ‘टोनिंग’ म्हणतात. हा रंग म्हणजे काय, तो खरा की बनवलेला, फोनच्या फोटोवर किती विश्वास ठेवायचा आणि यातल्या फसवणुकीपासून कसं वाचायचं, हे सगळं या लेखात पाहूया.

थोडक्यात

- टोनिंग म्हणजे मळ नाही. चांदी आणि हवेतलं गंधक यांच्यातून तयार झालेला तो अतिशय पातळ थर असतो.
- एकदा घासून काढलेला नैसर्गिक रंग परत आणता येत नाही.
- फोनचा कॅमेरा हे रंग हमखास बदलून दाखवतो. फक्त फोटो बघून नाणं घेऊ नका.
- घरातले बहुतेक जुने रुपये दुर्मीळ नसतात. ‘लाखो रुपये मिळवा’ म्हणणाऱ्या जाहिराती सापळे असतात.

टोनिंग म्हणजे नक्की काय?

चांदीला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण तिचं गंधकाशी चांगलं जमतं. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू अगदी थोड्या प्रमाणात असतात. काही कागद, पुठ्ठा, लोकर आणि रबर यांच्यातही गंधक असतं. या गंधकाची चांदीशी क्रिया झाली की पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हवेत ओलावा असेल तर हे काम जास्त वेगाने होतं. मुंबईत चार महिने पावसाळा आणि उरलेले महिने दमट हवा, त्यामुळे इथली चांदी किती लवकर काळवंडते हे तुमच्या आईला विचारा.

थर जाड झाला की नाणं सरळ काळं दिसतं. तो खूप पातळ असताना मात्र रंग दिसतात, आणि तेही कोणताही रंग न लावता.

मग रंग येतो कुठून?

पहिल्या पावसात परळच्या रस्त्यावर गाडीतून सांडलेलं तेल पाण्यावर पसरतं आणि त्यात इंद्रधनुष्य दिसतं, ते पाहिलं असेल. साबणाच्या फुग्यावरही तेच दिसतं. तेलात निळा रंग नसतो आणि साबणातही नसतो. पातळ थरामुळे तो दिसतो.

होतं असं: प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येतो. काही भाग थरातून आत जातो आणि खालच्या चांदीवर आपटून परत येतो. या दोन लाटा पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही रंग एकमेकांना वाढवतात, काही रंग एकमेकांना मारतात. कोणता रंग उरेल हे थराच्या जाडीवर ठरतं. ही जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

यातली सर्वात कामाची गोष्ट म्हणजे जाडी वाढत जाते तसे रंग ठरावीक क्रमाने येतात:

१. फिकट पिवळा, मग सोनेरी
२. तांबूस, किरमिजी
३. जांभळा, गडद निळा
४. फिकट आकाशी
५. पुन्हा पिवळा, मग गुलाबी आणि हिरवा
६. शेवटी करडा आणि काळा

माझ्या नाण्यावर कडा सोनेरी आणि मध्य निळा होता. म्हणजे मध्यभागी थर जास्त जाड, कडेकडे पातळ. कागदाच्या घडीत मधला भाग कागदाला घट्ट चिकटून होता, म्हणून तिथे गंधक जास्त पोहोचलं असावं. हा क्रम लक्षात ठेवा, खरं-खोटं ओळखताना उपयोगी पडेल.

अमेरिकेतलं वेड आणि मुंबईत आलेली चांदी

रंगीत नाण्यांचं सर्वात मोठं वेड अमेरिकेत आहे, आणि त्यातलं सर्वात लाडकं नाणं म्हणजे मॉर्गन डॉलर. जॉर्ज मॉर्गन याने घडवलेलं हे चांदीचं नाणं १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलं गेलं. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. लोकांना एवढी जड नाणी खिशात नको होती, म्हणून हजार-हजार डॉलर कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांमध्ये पडून राहिले. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर कापडातल्या गंधकाने रंग चढले. जिथे एका नाण्यावर दुसरं नाणं होतं तो भाग पांढरा राहिला, उरलेल्या भागावर चंद्रकोरीसारखं इंद्रधनुष्य उमटलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या पिशव्या बाहेर आल्या आणि संग्राहकांना वेड लागलं. चांगले रंग असलेल्या डॉलरला साध्या डॉलरच्या कितीतरी पट किंमत मिळते.

आता यात आपला काय संबंध? चांगलाच आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना हिंदुस्थानातून माल घ्यायचा होता आणि पैसे चांदीच्या रुपयांत द्यायचे होते. चांदी महागली, रुपये कमी पडू लागले. लोकांचा कागदावर विश्वास कमी, त्यामुळे ते नोटा देऊन रुपये मागू लागले. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही काढली, तरी चणचण संपेना. शेवटी ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेत पिटमन कायदा झाला आणि त्याखाली सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकली गेली. ती मुख्यतः हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी होती.

साधा हिशोब करून पाहा. एका मॉर्गन डॉलरमध्ये सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी, आपल्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम. म्हणजे एका डॉलरच्या चांदीतून साधारण सव्वादोन रुपये. १९१८ साली मुंबई आणि कलकत्ता या दोन टाकसाळींनी मिळून ४० कोटींच्या वर रुपये पाडले. मुंबईची टाकसाळ फोर्टमध्ये, आजच्या रिझर्व्ह बँकेच्या समोर. ती १८२९ पासून तिथेच आहे.

आजीच्या १९१९ च्या रुपयात अमेरिकन डॉलर वितळलेला आहे का, हे कुठल्याही चाचणीने सांगता येणार नाही, कारण चांदी एकदा मुशीत मिसळली की तिचं मूळ पुसलं जातं. पण शक्यता नक्की आहे. अमेरिकेत जे डॉलर पिशवीत राहिले त्यांच्यावर रंग चढले, आणि जे वितळून बंदा रुपया झाले त्यातले काही आपल्या घरच्या पेट्यांमध्ये रंगले.

तुमच्याकडचा रुपया कोणता आहे?

रंगाकडे जाण्याआधी नाणं ओळखा. १८३५ पासूनचा प्रमाणित रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा आणि साधारण साडेतीस मिलिमीटर व्यासाचा.

- १८३५ आणि १८४०: ईस्ट इंडिया कंपनीचे रुपये. पहिल्यावर राजा चौथा विल्यम, दुसऱ्यावर राणी व्हिक्टोरिया.
- १८६२ ते १९०१: ज्याला आपल्याकडे राणीछाप म्हणतात तो. १८७७ पासून ‘क्वीन’ ऐवजी ‘एम्प्रेस’ लिहिलेलं दिसतं. १८६२ हेच साल पुढची अनेक वर्षं नाण्यावर तसंच छापलं जात होतं, त्यामुळे या सालाचे रुपये भरपूर आहेत.
- १९०३ ते १९१०: सातवा एडवर्ड. डोक्यावर मुकुट नाही.
- १९११ ते १९२२: पाचवा जॉर्ज. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ मध्ये चित्र बदललं. म्हणून १९११ च्या नाण्याला संग्राहक ‘पिग रुपी’ म्हणतात.
- १९३८ आणि १९३९: सहावा जॉर्ज. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही ढिगाने आहेत.
- १९४० ते १९४५: चांदी निम्म्यावर आली, ५० टक्के.
- १९४७: मागे वाघ. हे निकेलचे आहेत, चांदी अजिबात नाही.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण शोधायची असेल तर मागच्या बाजूला तळाशी, कमळाच्या खाली बघा. तिथे बारीक उठावदार टिंब असेल तर नाणं मुंबईचं. काहीच नसेल तर कलकत्त्याचं. फोनचा मॅक्रो मोड इथे मस्त काम करतो.

घरच्या घरी चार चाचण्या

१. वजन: दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा, जो ग्रॅमचे शंभर भाग दाखवतो, तो वापरा. झिजलेलं नाणं ११.४ किंवा ११.५ ग्रॅम भरू शकतं. १० किंवा १३ ग्रॅम भरलं तर शंका घ्या.
२. व्यास: प्लास्टिकचा साधा व्हर्नियर कॅलिपर पुरे.
३. चुंबक: चांदीला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे. मात्र १९४७ चा निकेलचा रुपया चिकटतो आणि तो खराच असतो, त्याला खोटा ठरवू नका.
४. आवाज: बंदा रुपया खणखणीत वाजतो असं जुनी माणसं म्हणतात ते खरं आहे. नाणं बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. चांदीचा नाद लांब टिकतो, शिशाचा किंवा जस्ताचा लगेच विझतो. खात्रीचं दुसरं नाणं असेल तर दोन्ही आवाज फोनवर रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या कुठल्याही मोफत अॅपमध्ये शेजारी ठेवून बघा.

या सगळ्यात पास झालेलं नाणं खरं असण्याची शक्यता वाढते, एवढंच. चांगल्या चांदीत पाडलेल्या नकलाही असतात. मोठी रक्कम गुंतणार असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंग नैसर्गिक की बनवलेला?

रंगीत नाण्याला जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर रंग ‘बनवणारे’ आलेच. गंधकाची रसायनं, उष्णता, अगदी उकडलेल्या अंड्यासोबत नाणं डब्यात बंद करणं, असे सगळे उद्योग चालतात. ओळखायचे काही मार्ग:

- क्रम बघा. नैसर्गिक रंग वर दिलेल्या क्रमाने एकातून दुसऱ्यात विरघळत जातात. चमकत्या पांढऱ्या भागाच्या लगेच शेजारी गडद जांभळा किंवा हिरवा आला आणि मध्ये पिवळा-तांबूस नसेल, तर सावध व्हा. पिशवीतल्या नाण्यांवर जशी स्पष्ट कडा येते तशी कडा असू शकते, पण ती दुसऱ्या नाण्याच्या आकाराची हवी.
- खोली बघा. नैसर्गिक रंगाखाली धातूची चमक जिवंत दिसते. नाणं फिरवलं की प्रकाशाचे आरे फिरतात. बनवलेला रंग बऱ्याचदा वर तरंगल्यासारखा, शाई सांडल्यासारखा दिसतो.
- झीज बघा. राजाच्या गालावर, मुकुटाच्या टोकावर नाणं झिजलेलं आहे, ओरखडे आहेत आणि त्यावर झगझगीत इंद्रधनुष्य आहे? असं नाणं बहुधा आधी साफ करून नंतर रंगवलेलं असतं.
- कारण विचारा. हा रंग कशात ठेवल्यामुळे आला असेल? कागदाची घडी, पुठ्ठ्याचा अल्बम, कापडाची पिशवी, लाकडी खण, काहीतरी पटणारं उत्तर हवं.

जगात नाणी तपासून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत देणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकन संस्था आहेत: १९८६ मध्ये सुरू झालेली पीसीजीएस आणि १९८७ मधली एनजीसी. त्या नाण्याला ७० पैकी दर्जा देतात आणि रंग संशयास्पद वाटला तर तसं नोंदवतात. डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर किंवा अॅपवर टाकून तपासता येतो. पण डब्याही खोट्या बनतात. म्हणून नुसता क्रमांक जुळला की झालं असं नाही. साइटवर फोटो असेल तर त्यातले ओरखडे आणि रंगाचे डाग हातातल्या नाण्याशी जुळवा.

तुमचा फोन रंग का बदलतो?

आता माझ्या कामाच्या भागाकडे येतो. मी हाच १९१९ चा रुपया चाळीच्या गॅलरीत, एकाच वेळी, घरातल्या तीन फोनवर टिपला. एका फोटोत तो निळा दिसला, दुसऱ्यात जांभळा, तिसऱ्यात चक्क करडा. नाणं तेच, ऊन तेच.

कारण फोन फोटो ‘काढत’ नाही, तो फोटो ‘बनवतो’. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग दिसतो, बाकीचे दोन गणिताने भरले जातात. त्यानंतर:

- व्हाइट बॅलन्स: फोन अंदाज लावतो की उजेड पिवळा आहे की निळा, आणि सगळं चित्र उलट दिशेने ढकलतो. फोटोभर निळं नाणं असेल तर फोनला वाटतं उजेडच निळा आहे, आणि तो निळा रंग कमी करतो. माझ्या करड्या फोटोचं कारण बहुतेक हेच.
- एचडीआर: अनेक फोटो एकत्र करून चकाकी दाबली जाते. नाण्याची सगळी जान त्या चकाकीतच असते.
- एआय सुधारणा: फोनला वाटतं लोकांना भडक रंग आवडतात. तो सोनेरीचा केशरी करतो.

शिवाय टोनिंगचा रंग कोनावर अवलंबून असतो. प्रकाश नाण्यावरून थेट लेन्समध्ये आला तरच रंग दिसतो, नाहीतर तेच नाणं काळपट दिसतं. म्हणजे प्रामाणिक विक्रेत्याचा फोटोही फसवा असू शकतो. अप्रामाणिक विक्रेता तर सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढून मोकळा होतो.

नाण्याचा खरा फोटो कसा काढायचा?

१. लेन्स स्वच्छ मऊ कापडाने पुसा. साधा उपाय, पण निम्मा धूसरपणा इथेच जातो.
२. नाणं साध्या पांढऱ्या किंवा करड्या कागदावर ठेवा आणि कागद फोटोत दिसू द्या. नंतर रंग पडताळायला तो उपयोगी पडतो.
३. एचडीआर, फिल्टर आणि ‘सीन’ ओळखणारी एआय सोय बंद करा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा, रॉ फोटोची सोय असेल तर ती वापरा.
४. फोन अगदी जवळ नेऊ नका. दोनपट झूम लेन्स वापरून जरा लांबून काढा. जवळ गेलात की फोनची सावली पडते आणि कडा वाकड्या येतात.
५. नाण्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा कमी करा.
६. काचेची युक्ती: जुन्या फोटोफ्रेमची साधी काच नाण्याच्या वर ४५ अंशांत तिरकी धरा. बाजूने टेबल लॅम्पचा उजेड काचेवर पाडा. काच उजेड सरळ खाली नाण्यावर पाठवते आणि तुम्ही वरून, काचेतूनच, फोटो काढता. उजेड आणि लेन्स एकाच रेषेत आल्यामुळे लपलेले रंग उलगडतात. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा, हात कापून घेऊ नका.
७. फोटोसोबत दहा सेकंदांचा व्हिडिओही काढा, नाणं हळूहळू तिरकं करत. व्हिडिओत रंग सरकताना दिसले पाहिजेत.

आणि नाणं पकडताना नेहमी फक्त कडेने पकडा. बोटाचा घाम आणि तेल लागलं की काही महिन्यांनी तुमचा ठसाच नाण्यावर ‘टोन’ होतो, आणि तो जात नाही.

साफ का करायचं नाही?

टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात. राख, रांगोळी यांचंही तेच. ते काळा थर काढतात आणि त्यासोबत चांदीही खरवडतात. नाणं चमकतं, पण भिंगाखाली हजारो समांतर ओरखडे दिसतात. चिंच किंवा दुकानात मिळणारं चांदी उजळवणारं द्रावण खरवडत नाही, पण रंगाचा थर विरघळवतं. त्यात चांदीचाही थोडा भाग आधीच गेलेला असतो, त्यामुळे टाकसाळीतून आलेली मूळ चमक मंदावते.

साठवताना हे पाळा:

- मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून हिरवा चिकट थर सुटतो आणि नाणं खातो. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलरची, पाकिटं किंवा टणक गोल कॅप्सूल घ्या.
- रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र आणि पुठ्ठा लांब ठेवा.
- डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदला.
- पूजेत ठेवायचं असेल तर कॅप्सूलसकट ठेवा. हळद-कुंकू कॅप्सूलला लागेल, नाण्याला नाही. आमच्या घरी आता हेच चालतं.

फसवणूक: हा भाग वगळू नका

माझ्या मावशीने जुन्या नाण्याचा फोटो एका ऑनलाइन जाहिरातीखाली टाकला. अर्ध्या तासात मेसेज आला: “तुमच्या नाण्याचे साडेचार लाख देतो.” मग नोंदणी फी मागितली, दोन हजारांच्या आत. ती भरल्यावर ‘रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र’ आलं, शिक्क्यासकट, आणि त्यावर जीएसटी म्हणून आणखी पैसे मागितले. तेव्हा तिने मला फोन केला. “अरे, नाणं खरंच एवढ्याचं असेल तर?” हा तिचा प्रश्न अजून आठवतो. लोक मूर्ख म्हणून फसत नाहीत, घरात अडचण असते म्हणून आशा धरतात.

लक्षात ठेवा:

- रिझर्व्ह बँक जुनी नाणी किंवा नोटा विकत घेण्याच्या असल्या व्यवहारात नसते आणि त्यासाठी कुठलीही फी किंवा कमिशन घेत नाही. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसा जाहीर इशाराच दिला होता.
- पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून ‘पैसे घ्या’ म्हणणारा चोर असतो.
- खरा खरेदीदार आधी नाणं हातात घेऊन बघतो. तुमच्याकडून पैसे मागत नाही.
- फसवणूक झाली तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

तुम्ही विकत घेत असाल तर विक्रेत्याकडे पांढऱ्या कागदावरचा, त्या दिवशीची तारीख हाताने लिहिलेला, नाणं तिरकं करणारा व्हिडिओ मागा. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच फोटो दुसऱ्या कुणाच्या लिलावातून उचललेला निघतो का. फोटोत विक्रेत्याचं बोट दिसत असेल तर कातडीचा रंग बघा. बोटं केशरी दिसत असतील तर नाण्याचे रंगही वाढवलेलेच आहेत.

कायद्याच्या दोन गोष्टी

पहिली: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ‘पुरावस्तू’ ठरतं आणि सामान्य माणसाने ते देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. म्हणजे आजीचा १९१९ चा रुपया दर्जा ठरवून घ्यायला अमेरिकेत कुरियर करायचा नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणूनही द्यायचा नाही. दर वर्षी एकेक साल या यादीत येतं, तेव्हा आजपासून शंभर वर्षं मागे मोजा.

दुसरी: जुनी इमारत पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेला साठा सापडला तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होऊ शकतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गिरगाव-लालबागमध्ये पुनर्विकास जोरात आहे, म्हणून सांगून ठेवतो. आजीच्या पेटीतली, घरच्या मालकीची नाणी ही वेगळी गोष्ट.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९१८ चा रुपया आहे, लाख मिळतील का?
नाही. त्या एका वर्षात ४० कोटींच्या वर रुपये निघाले. किमान किंमत हवी असेल तर चांदीचा आजचा ग्रॅमचा भाव १०.७ ने गुणा. १९४० ते १९४५ च्या रुपयासाठी ५.८ ने गुणा. त्यावर किती, हे नाण्याची स्थिती आणि रंग ठरवतात.

नाणं पूर्ण काळं आहे, त्याला टोनिंग म्हणायचं का?
शास्त्राच्या दृष्टीने हो, पण संग्राहक त्याला जास्त पैसे देत नाहीत. तरीही घासू नका.

घरी मुद्दाम रंग आणता येईल का?
प्रयोग म्हणून येईल, पण ते नाणं नैसर्गिक म्हणून विकणं म्हणजे फसवणूक. हौस असेल तर आधीच घासलेलं साधं नाणं घ्या आणि ते स्वतःकडेच ठेवा.

चांगली नाणी बघायला कुठे जाऊ?
फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे आणि जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाण्यांचा मोठा संग्रह आहे. जाण्याआधी वेळ तपासा. डोळ्याला खऱ्या नाण्याची सवय लागणं हे कुठल्याही अॅपपेक्षा उपयोगी.

शेवटी आमच्या अकरा रुपयांचं काय झालं ते सांगतो. मी ती सगळी नाणी एका जुन्या जाणकार काकांना दाखवली. दहा घासलेल्या नाण्यांकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, “चांदीचा भाव.” अकरावं उजेडात धरून मात्र बराच वेळ फिरवत राहिले आणि त्याच्या साधारण तिप्पट किंमत सांगितली. लाख नाही, पन्नास हजार नाही, तिप्पट.

ते विकलं नाही. आजी आता नाही, आणि ज्या कागदात तिने ते गुंडाळलं होतं त्या कागदानेच त्याला तो निळा रंग दिला. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने ते कॅप्सूलमध्ये पाहिलं आणि विचारलं, “मामा, हे घाण झालंय, पुसू का?” मी तिला खिडकीपाशी नेलं, नाणं तिरकं करून दाखवलं आणि तिच्या हातात फोन दिला. तुमच्या घरीही कुणी ब्रश घेऊन बसलं असेल तर आधी तेवढं करा.